जिवंत माणसाची रजा

आमच्या कारखान्यात जिवंत माणसासाठी रजा मिळत नसे. मेलेल्यासाठी मिळे. घरात कोणी वारलं तर तीन दिवस भरपगारी, असं टाइम ऑफिसच्या भिंतीवर हिंदीत रंगवून ठेवलं होतं आणि त्या रजेला सगळे 'गमी' म्हणत. स्वतः आजारी पडलात तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर आठ दिवस भरपगारी, त्यापुढचे बिनपगारी. पण बायको तापानं फणफणली असेल, पोर दवाखान्यात असेल, बापाचं ऑपरेशन असेल, तर त्यासाठी नियमांच्या पुस्तकात एक ओळसुद्धा नव्हती. साहजिकच लोक आपल्या माणसांना कागदावर मारून टाकत. जबलपूरच्या त्या तंबू-ताडपत्रीच्या कारखान्यात मी कारकून म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच महिन्यात आठ आज्या, पाच काका आणि एक सासू वारली. मला वाटलं, शहरात काही साथ आली की काय.

"साथ नाही वं पोरी," माझे वरिष्ठ म्हणाले. "नियम आहे."

हे वरिष्ठ म्हणजे हजेरी आणि रजा बघणाऱ्या टाइम ऑफिसचे हेड क्लार्क. सगळा कारखाना त्यांना 'बडे बाबू' म्हणे. मी त्यांना बाबूजी म्हणत असे. उंच, किडकिडीत माणूस. मे महिन्याच्या उकाड्यातही पांढऱ्या शर्टाची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. सायकलला घंटी होती, पण ती वाजवत नसत. कोणी आडवं आलं की "बाजू हो भैया" असं स्वतः ओरडत. मी एकदा कारण विचारलं. "घंटी तर साऱ्यांसाठी वाजते. मी त्या एकाले सांगून राहिलो," म्हणाले. डबा उभ्यानं खात. ज्याचा अर्ज टेबलावर पडला आहे त्याच्या हातचा चहा घेत नसत. "आधी अर्ज निकाली लागू दे, मग पाज." पण निकाल लागला की चहा पाजायची कोणाला इच्छा उरत नसे, कारण त्यांच्या हातून गेलेले बहुतेक अर्ज नामंजूर होऊन परत येत. त्यामुळे त्यांनी कामगाराचा चहा प्यायलेला मी तरी पाहिला नाही.

आमची दोघांचीही घरं विदर्भातली, बौद्ध. त्यांचे वडील गोंदियाच्या पलीकडे एका खेड्यात शेतमजुरी करत. हे तरुणपणी कामाच्या शोधात जबलपूरला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होतं. मग राज्यांची नवी मांडणी झाली, नागपूर तिकडे गेलं, जबलपूर इकडे राहिलं, आणि आमच्यासारख्यांची नाती गोंदियाच्या छोट्या रेल्वे लाईनवर लटकत राहिली. मी त्यांना कारखान्याच्या आधीपासून ओळखत होते, ते विहारामुळे. रविवारी वंदनेला ते सगळ्यांत मागे बसत. पंचशील म्हणताना त्यांचा आवाज भसाडा पण ठणठणीत असे. चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं, की मात्र ते गप्प होत. पाचव्याला पुन्हा सुरू. लहानपणी मी मान वळवून हे बघत असे आणि आई मला चिमटा काढत असे. मोठी झाल्यावर मी ठरवून टाकलं की म्हाताऱ्याला तेवढी ओळ पाठ नसावी.

पाठ नसावी म्हणण्यातली गंमत अशी, की खरं-खोटं या बाबतीत या माणसाइतका छळवादी माणूस अख्ख्या शहरात नव्हता. गमीचा अर्ज आला की संध्याकाळी ते त्या घरी भेटायला जात. कोणत्याही जातीचं, धर्माचं घर असो, हे एक मेणबत्ती आणि पांढऱ्या फुलांची पुडी घेऊन सायकलवर हजर. कोणी सांगितलं नव्हतं, नियमात नव्हतं. नर्मदेवरच्या ग्वारीघाटच्या एका नावाड्याचा भाऊ आमच्याकडे कापडकापणीत होता. त्यानं अर्जात भावाला मारलं, तर हे घाटावर गेले आणि मयताच्याच नावेतून पलीकडे जाऊन आले.

पनागरची गोष्ट तर अजून लोक सांगतात. रिंगा ठोकणाऱ्या खात्यात एक पनागरचा माणूस होता. ताडपत्रीच्या कडेला पितळी रिंगा ठोकायच्या, हे त्याचं काम. त्यानं आई वारल्याचा अर्ज टाकला. बडे बाबू सोळा किलोमीटर सायकल मारून गेले, तर स्वर्गवासी आई ओसरीत बसून मटार सोलत होती. दुसरा कोणी असता तर आरडाओरडा केला असता. हे तिच्यासमोर मांडी घालून बसले, टोपलीतल्या शेंगा घेतल्या आणि तासभर तिच्याबरोबर मटार सोलले. मेणबत्ती पिशवीतून बाहेर काढलीच नाही. फुलं तिला दिली. तिनं ती देवाला वाहिली. मुलगा आतल्या खोलीत दाराआड घाम पुसत उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला तो मान खाली घालूनच.

"तुम्हारी अम्मा की दोनों आँखों में मोतियाबिंद है," बडे बाबू म्हणाले. "परसों ऑपरेशन है. यही लिखना था."

"बाबूजी, लिखता तो छुट्टी मिलती?"

"नहीं मिलती."

"फिर?"

"फिर भी यही लिखो." आणि स्वतःचं पेन त्याच्यापुढे धरलं.

त्यानं लिहिलं, मॅनेजर साहेबांनी लाल शाईनं 'नामंजूर' लिहिलं, आणि त्या माणसाचा तीन दिवसांचा पगार गेला. कापणी खात्यात दिवसभर एकच चर्चा: हा बुढा आपला की मालकाचा? कोणी तरी त्यांच्या सायकलची हवा सोडली. बडे बाबू सायकल हातात धरून चालत घरी गेले. दुसऱ्या दिवशी येताना पंप घेऊन आले.

ज्यांना लिहिता येत नसे त्यांचा अर्ज ते स्वतः लिहीत, आणि तोही माणूस बोलेल तसाच्या तसा. "कृपया निवेदन है" वगैरे काही नाही. एक अर्ज मला शब्दन् शब्द आठवतो: 'मेरी घरवाली को सातवाँ महीना है, वह सीढ़ी से गिर गई है, और मैं यहाँ रिंग ठोक रहा हूँ.' तोही नामंजूर झाला. असे नामंजूर झालेले खरे अर्ज ते एका सुतळीत ओवून आपल्या खणात ठेवत. मंजूर झालेल्या खोट्यांना ते हातही लावत नसत. ते फायलीत लावायचं काम माझं.

एकदा मी न राहवून विचारलंच. "बाबूजी, लोकांचे शिव्याशाप घेऊन तुम्हाला मिळतं काय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे पाय पोरी. खोटा अर्ज मंजूर झाला का नियम शहाणा ठरते. लोक मरून राहिले, त्यायले तीन दिवस भेटून राहिले, साहेब खूष, सारं ठीक. खरा अर्ज नामंजूर झाला का नियम उघडा पडते. मले तो उघडा पाहिजे."

"पण त्यात माणूस भरडला जातो ना!"

"जाते," ते म्हणाले. मला त्यांचा तेव्हा रागच आला. दुसऱ्याच्या पगारावर तत्त्व सांभाळणं सोपं असतं, असं मी घरी जाऊन आईला म्हणाले. आई हसली. तिला तेव्हा दुखायला लागलं होतं, पण तिनं सांगितलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता आईच्या गाठीचं निदान झालं. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी सांगितलं, सिकाई करावी लागेल, म्हणजे किरणांचे उपचार. पाच आठवडे, रविवार सोडून रोज सकाळी. मशीनखाली पाच मिनिटं, पण नंबर लागेपर्यंत तीन-चार तास, आणि नंतर पेशंट एकटा घरी येऊ शकत नाही. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. भाऊ नाही, बहीण नाही. आमच्या दोन खोल्यांत आई आणि मी. सलग दहा दिवस विनापरवानगी गैरहजर राहिलं की नाव कटतं, हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. ती नावं काटायचं काम मीच करत होते.

मी रात्रंदिवस हिशेब मांडत राहिले. एक आजी मारली तर तीन दिवस. दोन्ही आज्या आणि एक काका मिळून नऊ. पाच आठवडे भरून निघतील इतकी माणसं आमच्या खानदानात नव्हती. मरण तीन दिवसांत आटोपतं, आजारपण आटोपत नाही, हे कागदावर आकडे मांडताना मला पहिल्यांदा कळलं. शेवटी मी ओळखीच्या एका डॉक्टरकडून स्वतःच्याच नावाची चिठ्ठी आणली. मला कावीळ झाली आहे, पाच आठवडे विश्रांती. ती चिठ्ठी अर्जाला टाचून मी बडे बाबूंच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. डोळे अर्थातच पांढरेशुभ्र होते.

"आजार मायले, अन् तू काहून आजारी पडून राहिली?"

"बाबूजी, एवढी एक वेळ."

"खरं लिव."

"खरं लिहिलं तर नामंजूर होईल. मग मी जाऊ कशी? गेले तर नोकरी जाईल. नोकरी गेली तर तिला खाऊ काय घालू?" माझा आवाज चढला होता. खिडकीबाहेर उभे असलेले दोघे-तिघे वळून बघायला लागले. "तुमच्या खरेपणापायी माझी आई मरेल, कळतंय का तुम्हाला?"

इतकी वर्षं लोकांनी त्यांना नाही नाही ते म्हटलं होतं. पण कोणासमोर त्यांची मान खाली गेलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी गेली. मग त्यांनी आपलं पेन माझ्यापुढे सरकवलं.

"सिकाई कधीपासून आहे?"

"पुढच्या सोमवारनंतरचा सोमवार."

"अच्छा. कमिटीची बैठक पुढच्या शुक्रवारी आहे. तोवर माह्यावर सोड. नाहीच झालं, तर ही कावीळ मीच माह्या हातानं मंजुरीले पाठवीन. पण पहिले खरं लिव."

मी रडत रडत लिहिलं: 'आईला रोज सिकाईला न्यायचे आहे. दुसरे कोणी नाही.' दुसऱ्या दिवशी तो अर्ज नामंजूर होऊन आला आणि त्यांनी तो सुतळीत ओवला. काविळीची चिठ्ठी त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली होती.

पुढचे आठ दिवस ते मधल्या सुट्टीत डबा न खाता शिलाई खात्यात, कापणीत, रिंगांच्या शेडमध्ये फिरत राहिले. ज्यांचे खरे अर्ज नाकारले गेले होते त्या प्रत्येकाकडे गेले आणि एवढंच विचारलं, "तुम्हारी अर्ज़ी कमिटी में पढ़वाऊँ? नाम के साथ?" काहींनी शिव्या घातल्या. पनागरवाल्यानं आधी तोंड फिरवलं, मग म्हणाला, "पढ़वा दो बाबूजी. अम्मा आपको पूछती है."

आमच्या कारखान्यात दर तीन महिन्यांनी एक कमिटी बसे. एका बाजूला मॅनेजर साहेब आणि मालकांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे छोटे शेठ म्हणत. दुसऱ्या बाजूला कामगारांचे तीन प्रतिनिधी. बडे बाबू कोपऱ्यातल्या टेबलावर बसून कार्यवाही लिहीत. बोलायचा अधिकार त्यांना नव्हता. त्या शुक्रवारी अर्जांची सुतळी हातात देऊन त्यांनी मला दाराशी उभं केलं होतं.

विषय शिलाई खात्याच्या प्रतिनिधीनं काढला. पन्नाशीची ठसकेबाज बाई होती, आम्ही तिला दीदी म्हणायचो. तिनं माझ्याकडून सुतळी घेऊन एकेक अर्ज नावासकट वाचला. मोतीबिंदू. सातवा महिना. पोराला विंचू चावला. सासऱ्याला लकवा. माझा शेवटचा. सत्तेचाळीस अर्ज वाचून होईपर्यंत चहा थंड झाला होता.

मॅनेजर साहेब हसले. "दीदी, आज बीमारी की छुट्टी दे दूँ तो कल पूरे शहर की अम्मा बीमार पड़ेंगी. ये लोग ज़िंदा आदमी को मार देते हैं, बीमार करने में क्या लगता है?"

छोटे शेठही हसले. आणि वाईट म्हणजे साहेबांचं बोलणं खोटं नव्हतं. तिन्ही प्रतिनिधींनी कधी ना कधी कोणाला तरी मारलेलं होतं, हे फायलीत होतं आणि मला माहीत होतं. दीदीनंही अर्जांची सुतळी टेबलावर ठेवून दिली.

तेव्हा बडे बाबू पेन हातात घेऊन उभे राहिले.

"साहब, मुझे कुछ कहना है."

"आप तो लिखने बैठे हैं, बडे बाबू."

"लिखूँगा भी."

पुढची दहा मिनिटं जे झालं तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. ते उभं राहून एक वाक्य बोलत, मग खाली बसून तेच वाक्य कार्यवाहीच्या वहीत लिहीत, मग पुन्हा उभे. सगळी मंडळी त्यांचं लिहून व्हायची वाट बघत. "हेड क्लर्क ने कहा," असं ते स्वतःबद्दलच बोलत होते, "कि बाईस साल पहले उसने इसी कारखाने में गमी की झूठी अर्ज़ी दी." बसले, लिहिलं, उठले.

बावीस वर्षांपूर्वी त्यांची बायको बाळंतपणाच्या तापानं दवाखान्यात होती. मूल वाचलं नव्हतं. ती अंगार झालेल्या अंगानं यांचा हात सोडत नव्हती. रजा मागितली, मिळाली नाही. मग त्यांनी लिहिलं, वडील वारले. तीन दिवस मिळाले, ते तिच्या खाटेशी बसून राहिले आणि बायको वाचली. ही झाली पहिली तीन वाक्यं. मग चौथं. दोन वर्षांनी वडील खरोखरच गेले. तार आली ती कारखान्याच्या पत्त्यावर, टाइम ऑफिसमध्ये, आणि ती सही करून घेतली यांनीच. वडील तर रजिस्टरात आधीच मेलेले. दुसऱ्यांदा रजा कोणाच्या नावानं मागणार? तार खिशात घालून त्यांनी भोंगा होईपर्यंत लोकांची हजेरी मांडली.

मला विहारातली शांतता आठवली. चौथं शील आल्यावरची.

"फिर गाँव कब गए?" छोटे शेठनी विचारलं. त्यांचं हसू केव्हाच मावळलं होतं.

"इतवार को," बडे बाबू म्हणाले. खाली बसले आणि तेही लिहिलं.

मग ते पुन्हा उठले, आणि या वेळी वहीकडे न बघता म्हणाले, "साहब ठीक कहते हैं. ये लोग झूठ बोलते हैं. मैं भी बोला. मगर इन सैंतालीस ने सच लिखा, और सैंतालीस को हमने मना कर दिया. अब साहब बताएँ, झूठ सिखाया किसने?"

छोटे शेठ म्हणाले, "और बीमार सच में बीमार है, ये देखेगा कौन?"

"मैं जाऊँगा. आज तक मुर्दों के घर गया, अब बीमारों के घर जाऊँगा."

त्या बैठकीत ठरलं ते असं: घरच्या आजारी माणसासाठी वर्षाला पंधरा दिवस भरपगारी, उपचार लांबले तर त्यापुढे दोन महिन्यांपर्यंत बिनपगारी, आणि त्या काळात नाव कटणार नाही. एक वर्ष करून बघू, असं साहेब म्हणाले. आई-वडील, नवरा-बायको, मुलं, अशा तीन ओळी अर्जावर छापायच्या ठरल्या. दीदीनं भांडून चौथी घालून घेतली, सासू-सासरे. "सेवा तो हमीं को करनी पड़ती है साहब, छुट्टी भी हमीं को दो."

बाहेर आल्यावर बडे बाबूंनी खिशातून काविळीची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. मी ती तिथंच फाडली.

पण वहीत लिहिलं गेलेलं होतं. खोटा अर्ज देणं म्हणजे गैरवर्तन, आणि गैरवर्तनाची कबुली कार्यवाहीत आली की मॅनेजरला डोळेझाक करता येत नाही. आरोपपत्र निघालं. ते तयार करायचं काम आमच्याच ऑफिसचं, म्हणजे माझं. मी म्हटलं, मी लिहिणार नाही.

"लिव," ते म्हणाले. "खोटं माहं आहे, तुह्यं नाही."

मी लिहिलं. त्यांनी ते वाचलं, स्वतःच्या गुन्ह्याची तारीख एका दिवसानं चुकली होती ती दुरुस्त केली, आणि खाली पोचेची सही केली. रिटायर व्हायला सव्वा वर्ष उरलेल्या माणसाला साहेबांनी हेड क्लार्कच्या खुर्चीवरून उठवून मालाच्या गोदामात बसवलं. तिथं ते पितळी रिंगांची पोती मोजत बसत. शर्टाची बटणं तशीच गळ्यापर्यंत.

मी आईला पाच आठवडे सिकाईला नेलं. मेडिकलच्या बाकावर तिच्याशेजारी बसून मोसंबी सोलताना मला सारखं वाटे, आत्ता कोणी येऊन विचारलं की तू इथं काय करते आहेस, तर मी सांगू शकते. चोरासारखं काही नाही. एवढंच, पण त्याची मला सवय नव्हती. आई त्यानंतर चार वर्षं जगली. चांगली जगली, भांडली, माझ्या लग्नात नाचली.

बैठकीनंतरच्या रविवारी विहारात मी मुद्दाम मागे बसले. चौथं शील आलं आणि मागून तो भसाडा आवाज आला, सगळ्यांच्या अर्धा शब्द मागे, बेसूर. आईनं वळून बघितलं. या वेळी मी तिला चिमटा काढला.

गोदामात बसवलं तरी बडे बाबूंनी दिलेला शब्द मोडला नाही. आजाराचा अर्ज आला की संध्याकाळी सायकल निघे. पपई, मटार, काही ना काही पिशवीत असे. खरंच आजारी आहे का ते बघायला जात, आणि तिथं गेले की खाटेशी बसून पाणी पाजत, गोळ्यांची वेळ विचारून घेत. एक वर्ष संपलं तेव्हा पंचावन्न अर्जांपैकी दोन खोटे निघाले. ते दोन त्यांनी स्वतः साहेबांपुढे ठेवले आणि मगच रिटायर झाले. निरोप समारंभ झाला नाही. शिलाई खात्यानं मात्र त्यांना फाटकाशी थांबवून चहा पाजला, आणि त्या दिवशी त्यांच्या टेबलावर कोणाचाच अर्ज नसल्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही.

नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. पुढे त्यांच्या खुर्चीवर मी बसले. त्यांची बायको गेली, आणि एका उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. विजय नगरच्या एका दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं. पाणी पाजायला कोणी नव्हतं. मी अर्ज घेतला. चार छापील ओळी. आई-वडील, नवरा-बायको, मुलं, सासू-सासरे. मॅनेजर नवे होते, माझे वडील जिवंत आहेत की नाहीत हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी पहिल्या ओळीत खूण केली आणि सही करण्याआधी दवाखान्यात जाऊन त्यांना ते सांगितलं. त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं.

त्यांचं अर्धंच तोंड हलत होतं. "म्या... माह्या जित्या बापाले मारलं," ते थांबत थांबत म्हणाले. "अन् तू... मेलेल्या बापाले जिवंत करून राहिली."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी ती खूण खोडली आणि खाली लिहिलं: 'नाते काही नाही. यांनी मला काम शिकवले.' अर्ज नामंजूर झाला. "रिश्ता तो कुछ है ही नहीं मैडम," नवे साहेब म्हणाले, आणि नियमानं त्यांचं बरोबर होतं. मी गेले ती गेलेच. नऊ दिवस विनापरवानगी. नवव्या दिवशी सकाळी मी ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसत असताना ते गेले. दहाव्या दिवशी मी कामावर हजर झाले. नातं नसल्यामुळे गमीही नव्हती. मिळालं ते लेखी ताकीदपत्र. ते माझ्या फायलीत आहे आणि मी ते काढायला सांगितलेलं नाही.

कमिटीत आता कार्यवाही मी लिहीत होते. पुढच्या बैठकीला मी उभी राहिले, माझा नामंजूर अर्ज आणि ताकीदपत्र टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, अर्जावर पाचवी ओळ पाहिजे: कामगार स्वतः नाव देईल ती एक व्यक्ती. साहेब म्हणाले, "ऐसा कौन होता है?" मी सांगितलं, असतं कोणी तरी. त्या बैठकीत ते झालं नाही. दुसऱ्या बैठकीतही झालं नाही. मी प्रत्येक वेळी विषय पुन्हा मांडला, स्वतः बोलले आणि स्वतः लिहिलं. चौथ्या बैठकीत ती ओळ आली.

छापून आल्यावर पहिले तीन महिने त्या ओळीवर कोणी काही लिहिलं नाही. साहेब मला ते दोनदा सांगून गेले. मग एके दिवशी शिलाई खात्यातली एक बाई खिडकीशी आली. कोरा अर्ज हातात, पदर तोंडाशी.

"मैडम, पाँचवीं लाइन में सौत लिखूँ तो चलेगा?"

"चलेगा. क्या हुआ उसे?"

"बच्चेदानी का ऑपरेशन है कल." ती खाली बघत होती. "आदमी तो दोनों को छोड़ के चला गया. उसका और कोई नहीं, मेरा भी नहीं. मगर लोग हँसेंगे."

मी तिचं नाव, सवतीचं नाव आणि कारण तिनं सांगितलं तसं लिहून घेतलं. तिनं अंगठा उठवला. मी शिफारशीची सही करून अर्ज स्वतः साहेबांकडे नेला आणि त्यांनी सही करेपर्यंत तिथंच उभी राहिले. दुपारच्या भोंग्याच्या आधी ती बाई फाटकातून बाहेर पडली.